धुरा कोरणाऱ्याचा सूड देवावर सोडायचा तो कसा

“जाऊ दे, देवावर सोड” हे आपल्याकडं बहुतेक तोच म्हणतो ज्याचं काही गेलेलं नसतं. ज्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला गेला, ज्याच्या हिश्शाच्या विहिरीवर भावकीनं कुलूप लावलं, त्याच्या अंगाचा हे ऐकून तिळपापड होतो, आणि तो व्हावाच. हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यू लोकांच्या ज्या पुस्तकांना आम्ही ख्रिस्ती माणसं जुना करार म्हणतो त्यांत, सूड परमेश्वराचा आहे असं साफ लिहिलंय. पण तो त्याच्या हवाली करायची जी रीत त्या पुस्तकांत सापडते, तिच्यात गप्प बसणं कुठंच नाही. हात मागं घ्यायचा, तोंड उघडं ठेवायचं. एवढं धरून पुढचं सांगते.

मी जालना जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, त्या काळापासून आमच्या घरात पवित्र शास्त्र आहे. जमीन मात्र फार उशिरा आली, म्हणून वीतभर तुकड्यालाही आम्ही जीव लावतो. रविवारी उपासना झाली की चर्चच्या ओसरीवर बायकांचा वर्ग घेते. तिथं वचनांपेक्षा भावकीच जास्त निघते. ही रीत त्या वर्गात घासूनपुसून तयार झालीय. तुम्ही ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं काही नाही. भावकी सगळ्यांनाच असते.

आमचं प्रकरण थोडक्यात. शेजारचं रान नवऱ्याच्या चुलतघराचं. नवरा गेला आणि दर मशागतीला त्यांचा नांगर आमच्याकडं सरकत आला. आधी धुऱ्यावरचं गवत गेलं, मग बोरीचं झुडूप, मग निम्मा धुरा. धुरा एका दिवसात कोणी खात नाही, बरं का. ट्रॅक्टरवाला कडेला नांगराचं एक तास जास्त मारतो आणि विचारलं तर “चुकून गेलं काकू” म्हणतो. असं होता होता आमच्या तुरीची कडेची ओळ त्यांच्या कपाशीत उभी दिसायला लागली. हद्दीचा दगड नाल्यात सापडला. दगड आपल्या पायानं नाल्यात जात नाही.

आधी नुकसान वेगळं काढा, राग वेगळा

अन्याय झाला की मनात दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक, जे गेलं ते परत मिळावं. दोन, ज्यानं नेलं त्याचं वाटोळं व्हावं. पहिली गोष्ट देवावर ढकलू नका. ती तुमची आहे, आणि तुमच्या तहसीलची आहे.

हे मी मनानं सांगत नाही. मोशेच्या नियमशास्त्रातलं अनुवाद हे पुस्तक उघडा. त्याच्या बत्तिसाव्या अध्यायात, मोशेच्या शेवटच्या गीतात, देव म्हणतो की सूड घेणं आणि फेड करणं माझ्याकडं आहे. त्याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सांगितलंय की गावोगावच्या वेशीत न्यायाधीश नेमा, लाच घेऊ नका, तोंड बघून निकाल देऊ नका. एकोणिसाव्यात आहे की शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको. सत्ताविसाव्यात तर उपासनेची सेवा करणारे लेवी मोठ्यानं शाप वाचतात, ‘जो शेजाऱ्याची हद्द सरकवतो तो शापित,’ आणि सगळे लोक ‘आमेन’ म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी रानातल्या दगडावर एवढा कायदा झाला, म्हणजे तेव्हाही ट्रॅक्टरशिवाय धुरे सरकत होतेच.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वाक्य सूड घेणाऱ्यांचं फार आवडतं. ते नियमशास्त्रात तीनदा येतं: निर्गम २१, लेवीय २४ आणि अनुवाद १९ मध्ये. शेवटच्या ठिकाणी काय चाललंय ते बघा. एकानं खोटी साक्ष दिलीय, न्यायाधीशांनी कसून चौकशी केलीय, आणि मग हे वाक्य त्यांना सांगितलंय. घरी बसलेल्या चिडलेल्या माणसाला नाही. शिवाय ती वरची मर्यादा आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख बायकांपुढं फुशारकी मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पटीनं घेतला जाईल. नियमशास्त्र म्हणतं, एकाला एक, त्याच्या वर नाही. ज्यू पंडितांनी पुढं मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात तर याची पैशातच मोजदाद लावली: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोज आणि झालेली अब्रूची हानी, या पाच सदरांखाली भरपाई. आपल्या मोटार अपघाताच्या दाव्यात जवळपास हेच मागतात.

तेव्हा नुकसानीचं काम असं करा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. सातबारा, गट नकाशा आणि सापडलं तर जुनं खासरा पत्रक काढून ठेवा. निजामाच्या राज्यातून आलेल्या आपल्या मराठवाड्यात जुना कागद कुठल्या पेटीत निघेल सांगता येत नाही. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना जाते, तेव्हा त्या दिवशी एकटं जाऊ नका, गावातली दोन शहाणी माणसं बरोबर ठेवा. खुणा पक्क्या करून घ्या. नकाशाची क प्रत मागून घ्या, तोंडी ‘झालं बाई’ वर घरी येऊ नका. दर हंगामाला त्याच जागी उभं राहून धुऱ्याचा फोटो काढा, फोटोत विजेचा खांब किंवा न हलणारं काहीतरी येऊ द्या.

हे सगळं करताना देवावरचा विश्वास कमी होत नाही. उलट नीतिसूत्रे २३ मध्ये पोरक्यांच्या शेतात शिरू नको असं बजावून पुढं म्हटलंय की त्यांचा कैवारी बलवान आहे, तोच त्यांचा वाद चालवील. वाद चालवायला वाद दाखल तर झाला पाहिजे.

तक्रार पुरी करा, गोड करू नका

आता राहिला राग. हा देवाकडं न्यायचा. आणि इथं आमच्याच लोकांचं चुकतं. प्रार्थनेला बसलं की आवाज मऊ करतात: ‘हे प्रभू, त्यांना सद्बुद्धी दे.’ पोटात मात्र त्याच्या ट्रॅक्टरचं टायर फुटावं असं असतं. देवाला पोटातलं दिसतं हे आपणच शिकवतो, मग हे नाटक कोणासाठी?

स्तोत्रसंहितेत, म्हणजे शास्त्रातल्या प्रार्थनागीतांत, असं नाटक नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा आलंय. अठ्ठावन्नाव्यात देवाला सांगितलंय की यांच्या तोंडातले दात पाड. एकशे नवव्यात तर वैऱ्याचं आयुष्य थोडं होवो, त्याची लेकरं पोरकी होवोत, सावकारानं त्याचं सगळं लुबाडावं इथपर्यंत गेलंय. वर्गात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागं बसलेली एक तरुण सून म्हणाली, “बाई, हे शास्त्रात आहे?” आहे. आणि तसंच्या तसं आहे, कोणी खोडलं नाही.

पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. गोदावरीत आंघोळ करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुनःपुन्हा थुंकतो, आणि नाथ दर वेळी शांतपणे नदीवर परत जातात. मी ती गोष्ट शाळेत कितीतरी वेळा शिकवली. पण खरं सांगू, नाथांची शांती मला झेपत नाही. स्तोत्रकर्त्याची चिडचिड झेपते. मला वाटतं ती बहुतेकांना झेपेल, आणि सुरुवात झेपेल तिथूनच करावी.

करायचं असं. रात्री घर निजलं की वही घ्या. वर तारीख टाका. त्याचं नाव लिहा, देवाला नाव चालतं. काय केलं ते तपशिलात लिहा: कुठला दगड, कुठली ओळ, काय बोलला, कोणाच्या देखत बोलला. मग त्याचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं तेही लिहा, जसं मनात येईल तसं, शिवीसकट. पत्ता मात्र एकच: परमेश्वराला. भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, जावेला फोन करून नाही, स्टेटसला म्हण टाकून तर अजिबात नाही. एकशे नवव्या स्तोत्रातला माणूस एवढं बोलतो, पण स्वतः काही करतो का बघा. काही नाही. प्रत्येक शाप देवाकडं मागणी म्हणून जातो. मागणी मंजूर करायची का नाही हे त्याच्या हातात राहत नाही, आणि हीच सुटकेची बाजू आहे.

लिहून झालं की वही बंद करून पेटीत. कोणाला वाचू देऊ नका, मुलाला तर मुळीच नको.

एकशे सदतिसाव्या स्तोत्राबद्दल वेगळं सांगते, कारण वर्गात हमखास विचारतात. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे लोक शेवटी बाबेलच्या तान्ह्या लेकरांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. इ. स. पू. ५८६ ला बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळलं, देऊळ गेलं, उरलेल्यांना धरून नेलं, त्यांचं हे बोलणं. मी ते वर्गात पूर्ण वाचते, वगळत नाही. आमेन मात्र म्हणत नाही.

रोखणारं माणूस आधीच ठरवा

ही पायरी लोक विसरतात, आणि पोलीस ठाण्यातली निम्मी प्रकरणं मला वाटतं इथंच घडतात.

दावीदाची गोष्ट घ्या. राजा शौल त्याच्या जिवावर उठलेला. १ शमुवेल २४ मध्ये एन-गेदीच्या गुहेत शौल आयता त्याच्या हाती येतो. दावीद झग्याचा काठ कापतो आणि सोडून देतो. म्हणतो, परमेश्वर तुझ्या-माझ्यात न्याय करो, माझा हात तुझ्यावर पडणार नाही. २६ मध्ये पुन्हा तेच. शौल झोपलेला, भाला उशाशी रोवलेला, दावीदाचा सोबती अबीशय म्हणतो एकाच घावात संपवतो. दावीद फक्त भाला आणि पाण्याचा चंबू उचलून निघतो.

मध्ये पंचविसावा अध्याय आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी आपल्याकडचंच रान दिसतं. नाबाल नावाचा मातबर माणूस, तीन हजार मेंढरं, हजार शेळ्या, लोकर कातरायचा हंगाम. दावीदाच्या पोरांनी रानात त्याच्या कळपाची राखण केलेली. सणाचा दिवस म्हणून थोडं खायला मागितलं, तर नाबाल म्हणतो, कोण हा दावीद? मालकाला सोडून पळालेले चाकर हल्ली फार झालेत. झालं. ज्यानं जिवावर उठलेल्या राजाला सोडलं, तो या टोमण्यावर तलवार बांधतो. चारशे माणसं घेऊन निघतो आणि शपथ घेतो की सकाळपर्यंत त्याच्या घरातला एक पुरुष ठेवणार नाही.

हे फार खरं आहे. मोठा वैरी माणूस सहन करतो. चारचौघांत झालेला अपमान नाही. आमच्याकडंही धुरा गेला तेव्हा मुलगा शांत होता. चौकात “तुझा बाप असता तर विचारलं असतं” असं त्याला कोणी बोललं, त्या संध्याकाळी तो पेटला.

नाबालाची बायको अबीगईल हे कळताच नवऱ्याला न सांगता गाढवं लादते: दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेली पाच मेंढरं, हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिराच्या दोनशे ढेपा. डोंगराच्या आडवाटेनं जाऊन दावीदाला गाठते. उपदेश नंतर करते, आधी अन्न पुढं ठेवते. आणि बोलते काय? उद्या तू राज्यावर बसशील तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताची टोचणी तुझ्या मनाला राहू नये. नाबाल चांगला आहे असं ती एका शब्दानंही म्हणत नाही. उलट नावासारखाच मूर्ख आहे म्हणते.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात दोन मोटारसायकली, चार पोरं, आणि बोलणं असं की आज त्याचा ट्रॅक्टर ठेवत नाही. मी काही बोलले असते तर मुलगा अजून चढला असता. सुनेनं चुलीवर तवा टाकला. “जायचं तर जा, पण जेवून जा, दुपारपासून पोटात काही नाही,” म्हणाली. बाजरीची भाकरी, पिठलं, तव्यावरच खलबत्त्याच्या बत्त्यानं रगडलेला मिरचीचा ठेचा. तिनं भाकरी एकेक थापून, एकेक फुगवून, हळूहळू वाढली. मुद्दाम. पहिल्या भाकरीला पोरं रॉकेलचं बोलत होती. तिसरीला एकानं विचारलं, केस झाली तर पोलीस भरतीचं काय? त्यातले दोघं भरतीची तयारी करत होते. जेवल्यावर माणूस मारायला जातच नाही असं काही नाही. पण तास-दीड तास गेला, आणि तेवढ्यात प्रश्न विचारायला जागा झाली.

नियमशास्त्रातली सहा आश्रयनगरं याचसाठी होती. हातून चुकून खून झालेल्यानं तिथं पळून जायचं, म्हणजे मेलेल्याचा नातेवाईक रागाच्या भरात गाठण्याआधी मंडळीला न्याय करता यावा. राग तापलेला असताना मधे अंतर टाकायचं, एवढंच.

तेव्हा आजच ठरवा: माझं डोकं फिरलं तर मला कोण अडवील? त्या माणसाला तसं सांगून ठेवा. तो उपदेशी नसावा, त्याला तुमच्या वैऱ्याचा पुळका नसावा, आणि त्याला रात्री उठून यायचा कंटाळा नसावा. मित्रांपैकी जो ‘चल, मी आहे’ म्हणतो तो या कामाचा नाही.

त्याचं जनावर तुमच्या रानात आलं तर

आपल्याकडं शत्रूची म्हैस रानात शिरली की पहिला विचार कोंडवाड्याचा. निर्गम २३ सांगतं की वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडं परत नेऊन दे. पुढं अजून: त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर निघून जाऊ नको, त्याच्याबरोबर हात लावून ते उठव.

मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात मन बदलायची अट नाही. प्रेम वाटलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, असलं काही मागितलेलं नाही. दावं धरा, म्हैस नेऊन खुंटीला बांधा, घरी या. बोलायची गरज नाही. आमच्याकडं रात्रीची लाईट असते, त्याचा पाइप फुटून पाणी रस्त्यावर वाहताना दिसलं तर फोन करा: “मोटर बंद करा, पाणी चाललंय.” दोन वाक्यं. तिसरं वाक्य धुऱ्याबद्दल बोलू नका, ते मोजणीच्या दिवशी.

निकाल वाचायची घाई करू नका

त्याच्या बोअरचं पाणी आटलं, पोराचं लग्न मोडलं, की गावात लगेच म्हणतात, देवाच्या काठीला आवाज नसतो. मनाला गुदगुल्या होतात. पण गारपीट झाली तेव्हा त्याच्या मोसंबीबरोबर माझा हरभराही झोपला, तेव्हा ती काठी कोणावर होती?

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र हेच करतात. त्याचं हाल बघून म्हणतात, काहीतरी पाप असणार. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आणि नीतिसूत्रे २४ मध्ये मोठं मिश्किल वचन आहे: वैरी पडला म्हणून आनंद करू नको, नाहीतर परमेश्वर ते बघेल, त्याला आवडणार नाही, आणि तो त्याच्यावरचा राग काढून घेईल. हसू आलं तरी हसायचं नाही, इतका व्यवहार तरी पाळा.

दुसरी घाई याहून वाईट: देवाला उशीर होतोय म्हणून आपणच त्याचा हात व्हायचं. जमिनीच्या प्रकरणात शास्त्रातला सगळ्यात मोठा दाखला नाबोथाचा. १ राजे २१. अहाब राजाला वाड्यालगतचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राणी ईजबेल राजाच्या नावानं, राजाच्या शिक्क्यानं पत्रं पाठवते. दोन खोटे साक्षीदार उभे राहतात. नाबोथाला गावाबाहेर दगडमार. राजा कब्जा घ्यायला जातो तर मळ्यात एलीया संदेष्टा उभा: खून केलास आणि वर ताबाही घेतलास? शिक्का, बनावट साक्ष, कब्जा. कागद तेव्हाही असेच बनायचे.

पण पुढं बघा. अहाब अंगावर गोणपाट घालतो, नमतो, आणि देव म्हणतो की याच्या हयातीत नाही, याच्या मुलाच्या काळात. नाबोथाच्या बायकोला हे किती दिवस पुरलं असेल? तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. वर्षांनंतर येहू नावाचा सेनापती येतो, अहाबाच्या मुलाला मारून त्याचं प्रेत नाबोथाच्याच रानात टाकतो, सगळं घराणं कापून काढतो, आणि ते सगळं देवाच्या नावानं. हिशेब पुरा झाला असं वाटतं. तर होशेय संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की इज्रेलात, म्हणजे नाबोथाच्या त्याच गावात, सांडलेल्या रक्ताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. म्हणजे देवाचा सूड आपल्या तलवारीनं घेणाऱ्याचंही खातं उघडलं गेलं. घरात कोणी “मी देवाचंच काम करतोय” म्हणायला लागलं, तर त्याला हे दोन अध्याय एका बैठकीत वाचायला लावा.

हे कोणाला सांगायचं, कोणाला नाही

माझे एक जुने सहकारी आहेत, बौद्ध, शिक्षक संघटनेत मुरलेले. ते म्हणतात, “ताई, देवावर सोडा हे तुम्ही नेहमी गरिबालाच का सांगता? बाबासाहेबांनी आम्हाला देवावर सोडायला नाही, संघर्ष करायला शिकवलं.” त्यांचं म्हणणं मला निम्म्याहून जास्त पटतं. म्हणून शास्त्रात नेमकं कोण हात आवरतो ते मी त्या नजरेनं परत वाचलं. दावीद: चारशे तलवारी मागं. योसेफ: मिसर देशाचा कारभारी, त्याला विकणारे भाऊ पायाशी पडलेले, आणि तो म्हणतो, मी काय देवाच्या जागी आहे? ज्याच्या हातात त्या घडीला ताकद आहे, त्याला हात आवर असं सांगितलंय. ज्याच्या हातात काही नाही, त्याला काय सांगितलंय? निर्गम २२ मध्ये विधवा आणि पोरक्यांबद्दल देव म्हणतो की ते ओरडले तर मी ऐकणारच. त्यांनी गप्प राहावं असं नाही म्हणत. ओरड गृहीतच धरलीय. लेवीय १९ मध्येही ‘सूड घेऊ नको, डाव धरू नको’ याच्या आधीचं वचन आहे की शेजाऱ्याला तोंडावर सांग, मनात द्वेष साठवू नको.

म्हणून माझ्या वर्गाचा नियम असा. मार खाणाऱ्या सुनेला, मजुरी बुडवलेल्या मजुराला, छेडलेल्या मुलीला ‘देवावर सोड’ म्हणायचं नाही. तिला आधी ११२ लावून द्यायचा, महिलांसाठी १८१ आहे, आणि ठाण्यात बरोबर जायचं. पोरं, पैसा आणि पुढारी पाठीशी असलेल्या माणसाला मात्र हे वाक्य खुशाल सांगा, अगदी मोठ्यानं. आमच्या अंगणात मी विधवा होते, पण त्या संध्याकाळी चार पोरांची ताकद आमच्या बाजूला होती. त्यामुळे ते वाक्य तेव्हा आमच्यासाठी होतं.

आणि देवानं त्यालाच माफ केलं तर?

ही तयारी फिर्याद टाकतानाच ठेवावी लागते. मोशेचं ते गीत पूर्ण वाचलंत तर कळेल की शत्रूंच्या आधी देव आपल्याच लोकांची झडती घेतो: खाऊन लठ्ठ झालात आणि लाथा मारायला लागलात. फिर्याद घेऊन गेलेल्याचीही चौकशी होते.

योनाला नेमकं हेच झेपलं नाही. निनवे ही अश्शूरांची नगरी, आणि अश्शूरांनीच पुढं त्याच्या लोकांचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. देवानं योनाला त्या नगरीला ताकीद द्यायला पाठवलं, लोकांनी पश्चात्ताप केला, देवानं हात मागं घेतला, आणि योना शहराबाहेर मांडव घालून चिडून बसला. मला मरण आलं तर बरं, म्हणाला. देव त्याला विचारतो, उजवंडावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत तिथं, मला त्यांची कीव येऊ नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. पुढं नहूमाच्या पुस्तकात त्याच निनवेवर नाशाचा निकाल आहे, आणि इ. स. पू. ६१२ ला ती पडली. सुटका आणि शिक्षा, दोन्ही एकाच शहराला, वेगवेगळ्या काळी. तारीख लावायचा अधिकार योनाला नव्हता, आपल्यालाही नाही.

आता बायका मला सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न. त्या घरातली लग्नपत्रिका आली तर जायचं का? जायचं. अक्षता टाकायच्या, नवरीच्या हातात आहेर द्यायचा, पंगतीला बसायचं, आणि वाढणाऱ्यानं बुंदी वाढली तर घ्यायची. कोणी ओसरीवर बसवून “आता मिटवून टाका ना काकू” म्हणालं, तर “मोजणी झाली की मिटलंच” एवढं म्हणून चपला घालायच्या. अर्ज मागे घ्यायचा नाही.